सपाट रानातला झेंडीवाला

काही पाहायचं असलं की ते आधी खाली बसायचे. उभ्यानं पाहणं त्यांना पटतच नसे. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवं बसायचं, पागोटं जरा मागे सारायचं, डोळे किलकिले करायचे आणि मग बराच वेळ पाहत राहायचं. कोणी विचारलं, "काय पाहून राहिले बाबा? तिकडं त काहीच नाई," तर म्हणायचे, "काही नाई, तेच पाहून राहिलो."

माझ्या सासरच्या गावात ते दोन वर्षं होते. अकोल्याहून अमरावतीकडे आगगाडीची वाट आखायला साहेबाची टोळी आली, तिच्यात ते झेंडी धरायला होते. त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण तोंडानं कधी घेतलं नाही, म्हणून इथेही घेत नाही. गाव त्यांना झेंडीवाला म्हणायचं, मी बाबा म्हणायची.

त्यांचं काम असं. साहेब दुर्बीण लावून एका जागी उभा राहायचा आणि हे झेंडी घेऊन पार दूर, पाच-सहा शेतं ओलांडून. साहेबाचा माणूस पांढरं फडकं डावीकडे हलवायचा, की हे एक पाऊल डावीकडे. उजवीकडे हलवलं, की उजवीकडे. फडकं खाली आलं म्हणजे मोकळे. तोवर जागा सोडायची नाही, मग ऊन असो की मुंग्या चढोत.

जागा सोडता येत नसे म्हणूनच माझी त्यांची ओळख झाली. त्यांची दुपारची भाकर आमच्या घरी ठरलेली होती, आणि ती रानात पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. सासूबाईंना त्यांचं ते नुसतं उभं राहणं फार गमतीचं वाटे. भाकरी फडक्यात बांधताना त्या रोज म्हणायच्या, "जाय वो, त्या खांबाले भाकर देऊन ये. आन् पाय, उलटून पडला गिडला त उभा करून ये."

तेव्हा मी पंधरा वर्षांची असेन. माझं माहेर अंजनगाव-सुर्जीच्या वर, डोंगराच्या पायथ्याला. लहानपणी दार उघडलं की समोर डोंगर, आणि परसात गेलं तरी त्याचाच एक फाटा. भाऊ बाजाराला निघाला की पहिल्या वळणापर्यंत दिसायचा. वळण आलं की संपला.

सासरी आले तर इथे वळणच नव्हतं. काळी जमीन जी सुरू व्हायची ती आभाळापर्यंत. मला पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. भिंतीला टेकायला जावं आणि मागे भिंतच नसावी, तसं. मी आधीच लाजरी, चार माणसांत मान वर न करणारी. डोंगरात लपायला जागा असते. इथे धुऱ्यावर बसून दोन टिपं गाळायची म्हटली तरी पलीकडच्या तीन शेतांतली माणसं पाहणार, आणि संध्याकाळी सासूबाईंच्या कानावर येणार की तुमची सून रडून राहिली होती.

माहेरी जायला मिळत नव्हतं. त्या वर्षांत कापसाचं वेड लागलं होतं सगळ्यांना. दूर समुद्रापार कुठेतरी लढाई चालू होती म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या बोंडाला सोन्याची किंमत आली. लोकांनी ज्वारीचं रान कमी केलं, वाडीतली वांगी-मिरची उपटली, घरामागच्या परसातसुद्धा सरकी लावली. बैलांच्या गळ्यात चांदीच्या साखळ्या आल्या. आमचे यजमान गाडी भरून अमरावतीला जायचे, चार दिवसांनी यायचे आणि पुन्हा भरून जायचे. सासूबाई म्हणायच्या, "हात कमी हायेत. वेचणी सरू दे, मंग जाशीन." वेचणी सरली की निंदणी, निंदणी सरली की पुन्हा वेचणी. दोन वर्षं मी आईचं तोंड पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी भाकर घेऊन गेले ती खाली मान घालूनच. फडकं समोर ठेवलं आणि वळले, तर ते म्हणाले, "तू घरून निघाली ना माय, तवाच माह्यं जेवण सुरू झालं."

मला कळलं नाही. ते हसले. "इथून दिसते ना सारं. दारातून एक ठिपका निघाला. मंग ठिपक्याले पाय आले. मंग लुगड्याचा रंग आला. मंग भाकरीचं फडकं. इतक्या वेळ एखादं माणूस येत राहते, तेवढ्यात अर्धं पोट भरते."

परत येताना मी मागे वळून पाहिलं. ते झेंडी धरून उभे होते आणि मी घरी पोहोचेपर्यंत त्यांना दिसत राहणार होते. मला त्याची लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

पुढे रोजचं बोलणं झालं. म्हणजे बोलायचे ते, मी ऐकायची. माझं माहेर डोंगराच्या पायथ्याचं, एवढं त्यांनी विचारून घेतलं होतं. सपाट हा शब्द त्यांना सोसत नसे. "सपाट कायचं? हे पाय, इथून तिथपर्यंत उतार हाय. तिथून मंग जरासं वर. मंग पुन्हा खाली, नाल्याकडं." मला काही दिसायचं नाही. मग ते म्हणायचे, "बस. बसल्याबिगर नाई दिसत." मी बसायची, आणि हळूहळू दिसायचं. कपाशीचे शेंडे एका रेषेत आहेत असं वाटायचं, पण ती रेष श्वास घेतल्यासारखी अगदी थोडी वर जायची, थोडी खाली यायची. गाई रवंथ करत बसल्यावर त्यांचं पोट हलतं ना, तेवढीच.

साहेबाचा कारकून एकदा त्यांच्यावर हसला होता. साहेबाची दुर्बीण असताना हा अडाणी माणूस उतार सांगतो म्हणून. यांनी एका शेतात बोट दाखवून सांगितलं, पाणी इकडून तिकडं जाईन. कारकून म्हणाला, उलटं जाईल. दुर्बिणीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि यांचं खरं केलं. तेव्हापासून साहेब कुठलीही खुंटी ठोकण्याआधी यांच्याकडे एकदा पाहायचा. कारकून मात्र सूड म्हणून त्यांना मुद्दाम बाभळीच्या काट्यांत उभं करायचा.

एकदा तर गंमतच झाली. सकाळी ते झेंडी घेऊन उभे राहिले आणि इकडे साहेबाला थंडी-ताप भरला. टोळीनं दुर्बीण पेटीत घातली, साहेबाला गाडीत घातलं आणि सगळे गेले. फडकं खाली करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दुपारी मी भाकर देऊन आले तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. दिवस कलायला आला, तेव्हा सासूबाई परसातून म्हणाल्या, "काहून वो, हा खांब अजून उभाच हाय?"

मला पुन्हा पाठवलं. मी जाऊन सांगितलं, बाबा, सारे सकाळीच गेले, साहेब आजारी आहे.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "गाडी जाताना दिसली ना."

"मंग तुमी काहून थांबले?"

"कोणी उतरव म्हटलं नाई." झेंडी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आन् खरं सांगू का माय, मलेबी जायचं नव्हतं. पुरा दिवस एका जागी उभं राहाले कोण देते?"

मग त्यांनी तो दिवस मला सांगितला. सकाळी कपाशीची फुलं पिवळी होती, आता पाहा कशी लालसर पडली. उन्हं वर आली तेव्हा गाड्यांचा तांडा अमरावतीकडे चालला होता, चाकं जमिनीला लागतच नव्हती, पाण्यावरून तरंगत गेला. दुपारी तिकडे दर्यापूरच्या अंगाला एक सर पडली. एवढीशी, एका शेतापुरती. आभाळातून खाली लोंबणारी ती सर चालत चालत गेली आणि इकडे यांच्या डोक्यावर कडक ऊन. हरणांचा कळप आला, त्यांना खांबच समजला आणि जवळून चरत गेला. "एवढं सारं एकाच वक्ती दिसते," ते म्हणाले. "डोंगरात कसं, एका मागून एक. इथं सारं एका ताटात वाढून येते."

त्या संध्याकाळी घरी परतताना मला पहिल्यांदा मान वर करून चालावंसं वाटलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पाऊस थांबून हवा धुतल्यासारखी झाली होती. सकाळी ते आमच्या विहिरीवर पाणी भरायला आले होते, मी परसात गोवऱ्या थापत होते. त्यांनी मला हाक मारली आणि उत्तरेकडे बोट केलं.

"ते काय हाय?"

आभाळाच्या अगदी कडेला एक निळी रेघ होती. मी म्हणाले, "ढग."

"ढग हालते. हे हालून राहिलं का?"

मी शेणाचे हात तसेच धरून पाहत राहिले. ती रेघ हलत नव्हती. एका ठिकाणी तिला खाच होती, आणि ती खाच मला ठाऊक होती. आमच्या घरामागचा डोंगर तिथेच वाकलेला होता. 

"तुह्यं माहेर," ते म्हणाले. "मधात काही नाई, म्हणून दिसते. एखादी टेकडी असती ना मधात, त नसतं दिसलं."

त्यानंतर रोज सकाळी, हवा स्वच्छ असली की, मी गोवऱ्या थापायला उत्तरेकडे तोंड करून बसू लागले. आई तेव्हा चूल पेटवत असेल, असं मनात यायचं. सासूबाईंना वाटलं, सून कामाला रुळली. आणि ते खोटंही नव्हतं. ज्या मोकळेपणाची मला भीती वाटायची, त्यातूनच मला माझं घर दिसत होतं.

पण थंडी संपता संपता खुंट्या आमच्या परसामागे आल्या. कुंपणापासून पन्नास पावलांवर. झेंडी धरून बाबाच उभे होते. मी भाकर घेऊन गेले. भाकर खाऊन झाली, तोंड धुतलं, मग म्हणाले, "माय, इथं भराव येईन. मातीचा. नाल्यापर्यंत वाट एका पातळीत न्यायची ना, म्हणून दीड पुरुष उंच."

 मी आमच्या परसाकडे पाहिलं, आणि मग उत्तरेकडे. दीड पुरुष म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. मी उभी राहिले, टाचा उंचावल्या, तरी ती निळी रेघ त्या मातीमागे जाणार होती.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? आगगाडी येणार, कापूस दोन दिवसांत मुंबईला जाणार, म्हणून सगळं गाव आनंदात होतं. सून म्हणते मला डोंगर दिसणार नाही, यावर लोक हसले असते.

मग माझ्या कानावर आलं की या तुकड्यात भरावाखालून पाणी जायला एक मोरी ठेवणार आहेत, दगडी, चांगली बैलगाडी जाईल एवढी. आणि ती कुठे ठेवायची ते साहेब झेंडीवाल्याला विचारणार आहे.

मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी भाकर ठेवली आणि तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय झालं?"

मी म्हणाले, "बाबा, मोरी आमच्या परसामागं ठेवा म्हणून सांगा ना."

भाकरीचं फडकं सोडता सोडता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मोरीतून मले डोंगर दिसन," मी म्हणाले. एवढं मनातलं मी त्यांच्याशी तोवर बोलले नव्हते.

त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं, मग पूर्वेला, नाल्याच्या बाजूला. मग खाली बसले. बसूनही पाहिलं. उठता उठता म्हणाले, "इथून पाणी जात नाई, माय."

"कोणाले समजते बाबा? सारं त सपाटच हाय."

"पाण्याले समजते."

मी फडकं उचलून निघाले. घरी येईपर्यंत ते मला पाहत असणार, हे ठाऊक होतं, म्हणून डोळे पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. मी कुंपणामागून पाहत होते. अजूनही मला वाटत होतं की ते माझ्या बाजूनं बोट दाखवतील. ते साहेबाच्या पुढे चालत गेले, आमचं परस ओलांडलं, पुढची चार शेतं ओलांडली, आणि नाल्याच्या जरा अलीकडे थांबून त्यांनी झेंडी रोवली.

उन्हाळाभर मातीच्या टोपल्या पडत राहिल्या. भराव रोज वीतभर चढायचा. आधी समोरचा धुरा गेला, मग पलीकडच्या शेतातलं चिंचेचं झाड अर्धं गेलं. आणि वैशाखातल्या एका सकाळी मी गोवऱ्या थापायला बसले तर समोर नुसती माती होती. मी तोंड फिरवून बसले.

बाबांशी मी बोलणं टाकलं. भाकर नेऊन ठेवायची आणि काही न बोलता परत फिरायची. ते रोज म्हणायचे, "बस जराशी." मी बसत नसे. सासूबाईंच्याही ध्यानात आलं. "काहून वो, खांबानं काय केलं तुले?" मी म्हणायची, काही नाही.

आगगाडीची टोळी पुढे सरकली, पण पावसाळाभर भरावावर लक्ष ठेवायला साहेबानं त्यांना आमच्याच गावात ठेवलं. श्रावणात तीन दिवसांची झड लागली. आमच्याकडे पाणी धावत येत नाही. जमीनच तशी, पाणी चालत येतं, चादर पसरावी तसं. दक्षिणेकडून ते गावात शिरलं आणि भरावाला येऊन अडलं. सगळं गाव बाहेर आलं. आमच्या परसात घोट्याएवढं पाणी झालं, मी उंबऱ्यात उभी होते. ते इथे तुंबणार असं वाटत होतं, आणि माझ्या मनात आलं की आता मोरी इथे असती तर बरं झालं असतं असं लोकच म्हणतील.

पण पाणी तुंबलं नाही. क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि मग पूर्वेकडे वळलं, कोणी आखून दिल्यासारखं. खालच्या आळीच्या दिशेनं. त्या आळीत तेव्हा आठ दिवसांची बाळंतीण होती. लोक ओरडत तिकडे धावले. पाणी आळीच्या दारांपर्यंत गेलं, पायऱ्यांना लागलं, आणि पुढे होऊन मोरीत शिरलं. तिसऱ्या दिवशीपर्यंत तसंच जात राहिलं. बाळंतिणीची खाटसुद्धा हलवावी लागली नाही.

मोरी माझ्या परसामागे असती तर तिच्यातून थोडंच पाणी गेलं असतं, आणि खालची आळी पाण्यात असती. हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. मी उंबऱ्यात उभी राहून पाहत होते.

तरी मी त्यांच्याशी बोलले नाही. आता राग नव्हता. आता लाज होती, आणि माझ्यासारखीला रागापेक्षा लाज सोडणं कठीण. रोज ठरवायची, आज बोलेन. रोज भाकर ठेवून यायची.

आश्विनात आमच्या कपाशीची पहिली बोंडं फुटली. आमच्याकडे वेचणीच्या आधी सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यात बायका जमतात, पहिल्या कापसाचा धागा काढून चार झाडांभोवती गुंडाळतात, दहीभात शिंपडतात आणि मग ओटीत कापूस घ्यायचा. आम्ही त्यातच होतो. हातात दहीभात होता. एक बाई सहज म्हणाली, "तो पाय, झेंडीवाला चालला. बडनेऱ्याले बलावलं म्हणते त्याले."

भरावावरून ते चालले होते. डोक्यावर वळकटी, हातात ती झेंडीची काठी, आता फडकं सोडलेली.

मी पळसाच्या पानावर दहीभात घेतला आणि निघाले. धावले म्हणत नाही, पण चाललेही नाही. भरावाची माती सैल होती, हातानं गवत धरून वर चढले. त्यांनी मला येताना पाहिलंच असणार, कारण ते थांबलेले होते.

मी पान पुढे केलं. त्यांनी उभ्या उभ्या दहीभात खाल्ला, पान दुमडून बाजूला ठेवलं.

मी म्हणाले, "बाबा, पाणी तुमच्या मोरीतूनच गेलं."

"माह्यी कायची? पाण्याचीच मोरी ते." मग थोडं हसून म्हणाले, "बोलली बाप्पा एकदाची. मले वाटे, खांबाशी बोलून राहिलो का काय मी."

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, वळकटी सावरली आणि चालू लागले.

मी तिथेच उभी राहिले. भराव सरळ होता, दोन्ही बाजूंना रान पसरलेलं. आधी त्यांच्या वळकटीची गाठ दिसेनाशी झाली. मग काठी. मग पागोटं आणि अंगरखा एक झाले. बऱ्याच वेळानं उन्हाच्या झळांत त्यांचे पाय जमिनीवेगळे झाले आणि ते तसेच तरंगत पुढे गेले. डाव्या-उजव्या बाजूला फुटलेली कपाशी, मधूनच ज्वारीचा हिरवा पट्टा, दूर एका पाणवठ्यावर करकोचे उतरत होते, आणि त्याहीपलीकडे दोन गाड्या. ते सगळं एकाच वेळी दिसत होतं आणि त्याच्या मधोमध ते. माझा भाऊ वळणाशी संपायचा. हे संपतच नव्हते. आता गेले, असं म्हणायला मला जागाच सापडेना.

खालून सासूबाईंचा आवाज आला, "उतर वो खाली. साऱ्या गावाले दिसून राहिली तू."

"दिसू द्या," असं मी म्हणाले, की मनातच म्हटलं, ते आता आठवत नाही. पण लगेच उतरले नाही, एवढं खरं.

पुढे कोणी सांगितलं, ते आगगाडीच्या पुढे पुढे नागपूरकडे गेले. त्यापलीकडे काही कळलं नाही. मला पुष्कळ वर्षांनी, मुलीच्या शाळेत तिच्याबरोबर चार इयत्ता बसून लिहिता-वाचता आलं, तोवर त्यांना पत्र घालावं असा पत्ताही कोणाकडे उरला नव्हता.

त्या दिवशी उतरले, वेचणीला लागले, संध्याकाळी चुलीपुढे बसले. दोन भाकरी थापून झाल्यावर लक्षात आलं. तेवढा वेळ भरावावर उभी होते, सगळ्यांत उंच जागी, हवा स्वच्छ होती, आणि डोंगर पाहायचा राहूनच गेला होता.